वडापावची तलफ आणि दोन मिलिअँपिअर

सकाळच्या पेपरातून हल्ली ठाण्यात एक गुळगुळीत पत्रक घरोघर येतं. कपाळावर पट्टा बांधलेली हसरी बाई, शेजारी कापलेलं सफरचंद, आणि खाली मजकूर: शस्त्रक्रिया नको, इंजेक्शन नको, उपास तर नकोच, मेंदूला वीस मिनिटं सौम्य चालना द्या, गोडाची नि तळणाची तलफ आपोआप ओसरेल आणि वजन उतरेल. पहिली भेट मोफत. (पुढच्या भेटींचा दर छापलेला नसतो, तो समोर बसवून सांगतात.) या पत्रकावरून उपवन तलावाच्या काठाने फेऱ्या मारणाऱ्यांत आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत चांगलीच जुंपली आहे. एका बाजूचं म्हणणं, जिभेला लगाम घालता येत नाही म्हणून डोक्याला करंट लावून घ्यायचा ही लाजेची गोष्ट आहे, आमच्या आजीने कधी कॅलरी मोजली नव्हती. दुसरी बाजू म्हणते, लठ्ठपणा हा आजार आहे, आजाराचं मूळ मेंदूत आहे, मग उपचार मेंदूवर केला तर बिघडलं कुठे? दोघेही तावातावाने बोलतात, आणि दोघांचाही नेम भलतीकडेच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. असलं यंत्र कुणी वापरलं तर त्यात कमीपणाचं काहीही नाही. पण वजन उतरवण्याचा उपचार म्हणून ते आज बाजारात विकणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. पहिलं वाक्य संयमवाद्यांना झोंबेल, दुसरं यंत्रवाद्यांना. मला मात्र दोन्ही एकाच वेळी खरी वाटतात, कारण पहिला प्रश्न नीतीचा आहे आणि दुसरा पुराव्याचा. भांडणाऱ्यांनी या दोहोंची खिचडी करून ठेवली आहे.

आधी हे प्रकरण आहे तरी काय ते पाहू. ‘सौम्य चालना’ या एका गोंडस नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एक चुंबकाची. 1985 साली इंग्लंडमध्ये शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याजवळ तारेचं वेटोळं धरून त्यातून क्षणभर जोरदार प्रवाह सोडला. त्यातून निघालेलं चुंबकीय क्षेत्र कवटीच्या आत पोचलं आणि तिथल्या चेतापेशी जाग्या झाल्या. याला टीएमएस म्हणतात. माणसाला खुर्चीत बसवायचं, कानात बोळे घालायचे, इंग्रजी आठच्या आकाराचं वेटोळं डोक्याला टेकवायचं आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडेपर्यंत जोर वाढवत न्यायचा. ज्या जोराला अंगठा उडतो त्यावरून त्या माणसाची मात्रा ठरते. मग वेटोळं जरा पुढे, कपाळाच्या दिशेने सरकवतात आणि टकटक सुरू होते. टाळूवर कुणी टिचक्या मारत असल्यासारखं वाटतं, काहींना दुखतंही. दुसरी गोष्ट विजेची, टीडीसीएस. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, रबरी पट्टा, बॅटरी, एक ते दोन मिलिअँपिअर प्रवाह आणि वीस मिनिटं. त्वचेला मुंग्या येतात, थोडी खाज सुटते, बस. इतक्या क्षीण प्रवाहानेही मेंदूची उत्तेजित होण्याची क्षमता काही काळ बदलते, हे जर्मनीत ग्योटिंगेनच्या निट्शे आणि पाउलुस यांनी 2000 साली दाखवलं. पहिलं यंत्र महाग, अवजड आणि डॉक्टरच्या देखरेखीखालचं. दुसरं कुणीही सुटे भाग जोडून घरी बनवू शकतो. पत्रक नीट वाचलं तर दिसतं, की पुरावे पहिल्याचे दिले आहेत आणि फोटोतला पट्टा दुसऱ्याचा आहे.

आता संयमवाद्यांकडे वळतो. त्यांचा भक्कम मुद्दा मान्य करायलाच हवा: निर्धाराने वजन उतरवलेली आणि ते टिकवलेली माणसं असतात, प्रत्येकाच्या ओळखीत एखादं तरी असतं. पण जे त्यांना जमलं ते सगळ्यांना जमलंच पाहिजे, ही उडी कुठून येते? काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ‘दिवसातून दोनदाच जेवा’ आणि ऋजुता दिवेकरांचं ‘दर दोन तासांनी थोडं खा’ यावरून घराघरांत तट पडले होते. नवरा एका पंथाचा, बायको दुसऱ्या, आणि सासूबाई एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ नि शेंगदाण्याची आमटी घेऊन तिसऱ्याच. दोन्ही पंथांत यशाच्या कहाण्या भरपूर होत्या. ज्यांना दोन्ही जमलं नाही त्यांचं काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. त्यांना हावरट ठरवून आपण मोकळे झालो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे, की माणसामाणसाच्या वजनात जो फरक पडतो त्यातला ढोबळमानाने 40 ते 70 टक्के वाटा आनुवंशिक असतो. शिकागोत 2004 साली बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी घटलं आणि भूक लावणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं. नुसत्या दोन रात्रींत हे होतं. मग पहाटे पाचला उठून डबे भरणारी, सव्वासातची लोकल धरणारी आणि रात्री बाराला आडवी होणारी बाई वर्षानुवर्षं कुठल्या भुकेशी झुंजत असेल? तिला संयमाचे धडे देणारे आपण कोण?

आणि डोक्याला वीज लावणं लाजिरवाणं, ही भावना आली कुठून, हे ठाणेकरांना सांगायला नको. मुंबईत कुणी जरा विचित्र वागला की ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणायची रीत, कारण 1901 पासून मनोरुग्णालय इथेच आहे. 1938 साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी विजेच्या झटक्याचा उपचार पहिल्यांदा केला आणि पुढे तो जगभर पसरला. भूल न देता दिलेल्या शॉकच्या गोष्टींनी लोकांच्या मनात धास्ती बसली, आणि ती रास्तच होती. आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी घातली. पण एवढ्या बदनामीनंतरही, जेवणखाण सोडून मरणाची वाट पाहणाऱ्या तीव्र नैराश्याच्या रुग्णासाठी हाच उपचार आजही सर्वांत गुणकारी उपायांपैकी एक आहे. गैर होता तो वापर. विजेने काही कुणाचं घोडं मारलेलं नव्हतं. नैराश्यालाही आपण पिढ्यान् पिढ्या ‘मनाचा दुबळेपणा’ म्हणत आलो, ‘जरा कामात मन रमव’ असं सांगत आलो. तीच चूक आता जाड माणसाच्या बाबतीत, तितक्याच आत्मविश्वासाने, करतो आहोत. चष्मा लावणाऱ्याला कुणी नजरेचा संयम शिकवत नाही.

म्हणजे मी यंत्रवाद्यांच्या बाजूचा झालो का? त्यांचे मुद्दे खरोखरच वजनदार आहेत, ते मी लपवणार नाही. टीएमएसची सुरुवातीला टवाळी झाली होती. 2008 साली अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी त्याला मान्यता दिली, 2018 मध्ये ओसीडीसाठी (एकच विचार वा कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजारासाठी) आणि 2020 मध्ये धूम्रपान सोडवण्यासाठी. शेवटची मान्यता तर सरळ तलफेचीच आहे. सिगारेटची तलफ कमी होत असेल तर वडापावची का होऊ नये? दुष्परिणामही फार नाहीत: डोकेदुखी, टाळू दुखणं, आणि क्वचित एखाद्याला फिट. शिवाय 2025 साली आपल्याकडे आलेली मौंजारो आणि वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं महिन्याकाठी हजारोंचा खर्च करवतात, आणि वेगोवीतलं औषध सेमाग्लूटाइड थांबवल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत येतो, असं त्याच्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसलं. मग स्वस्तातला, सुई नसलेला पर्याय कुणी शोधत असेल तर त्याच्या पायात पाय का घालायचा?

शोधू दे की. शोधण्याला माझा विरोध नाहीच. विरोध आहे तो सापडलं म्हणून सांगण्याला.

सापडलेलं काय आहे ते जरा जवळून पाहा. 2005 साली लंडनमध्ये रुडॉल्फ ऊहर आणि सहकाऱ्यांनी खाण्याची वारंवार ओढ लागणाऱ्या तरुणींना कपाळाच्या डाव्या बाजूला टीएमएस दिलं. साधारण अर्ध्या जणींना खरं, बाकीच्यांना लटकं, म्हणजे नुसता उपचाराचा देखावा. नंतर त्यांच्यासमोर खाऊ ठेवला. लटका उपचार मिळालेल्यांची ओढ वाढली, खरा मिळालेल्यांची होती तेवढीच राहिली. या निष्कर्षाची दवंडी जगभर पिटली गेली. पण त्याच प्रयोगातली दुसरी नोंद कुठल्या पत्रकात सापडायची नाही: पुढच्या पाच मिनिटांत दोन्ही गटांनी प्रत्यक्ष खाल्लं किती, तर त्यात फरक नव्हता. ‘खावंसं वाटतंय का’ या प्रश्नाचं उत्तर बदललं, हात होता तसाच ताटलीकडे गेला. मग 2011 मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलायनाच्या संशोधकांनी एक खोडसाळ पण फार महत्त्वाची गोष्ट केली. तोवरचा लटका उपचार बिनदुखा असायचा, त्यामुळे खरा कोणता हे बसणाऱ्याला कळण्याचा संभव होता. यांनी लटक्या उपचारातही टाळूला तितकंच दुखेल अशी सोय केली. आणि काय झालं? ओढ दोन्हीकडे सारखीच कमी झाली. डोक्यावर कुणी टिचक्या मारत असताना केक नकोसा वाटतो, एवढंच त्यातून सिद्ध झालं असं कुणी म्हटलं तर त्याला गप्प करायला त्या प्रयोगात तरी काही नाही.

विजेच्या पट्ट्याची कथा आणखी बारीक. अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सच्या सरकारी संस्थेत लठ्ठ व्यक्तींना दाखल करून घेतलं, हवं ते खायला वेंडिंग मशीन दिलं आणि रोज मेंदूला चालना दिली. 2015 साली छापलेल्या त्या अभ्यासात चरबी आणि गोड पेयांतून येणाऱ्या कॅलरी कमी झाल्याचं दिसलं. एकूण माणसं नऊ. मिलानमध्ये लिव्हिओ लुत्झी यांच्या गटाने खोलवर पोचणारं टीएमएस पाच आठवडे दिलं आणि 2019 मध्ये लटक्या उपचारापेक्षा वजन जास्त उतरल्याचं नोंदवलं. गट लहानच, पण काम नीट केलेलं आणि पुढे न्यावं असं. आता याच्या शेजारी सेमाग्लूटाइडची 2021 ची चाचणी ठेवा: 1,961 माणसं, 68 आठवडे, औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी 14.9 टक्के उतरलं, न घेणाऱ्यांचं 2.4 टक्के. पुरावा म्हणतात तो असा असतो. इंजेक्शनवर नाकं मुरडणारे लोक पट्ट्यासाठी नऊ माणसांचा दाखला पुरेसा मानतात, यामागे सुईची भीती सोडून दुसरं कारण मला दिसत नाही.

सिगारेटचा दाखला फसवा का आहे, तेही इथेच सांगतो. सिगारेट सुटू शकते. जेवण सुटत नाही. सिगारेट सोडलेल्याने ओढली की नाही, एवढंच मोजायचं असतं. खाणाऱ्याला दिवसातून तीनदा त्याच मोहासमोर बसून थोडंच खाऊन उठायचं असतं, आणि शरीर गप्प बसत नाही. 2011 साली मेलबर्नच्या संशोधकांनी कडक पथ्यावर वजन उतरवलेल्या लोकांना वर्षभराने तपासलं, तर त्यांची भुकेची हार्मोन्स अजून पूर्वपदावर आलेली नव्हती. शरीर गेलेला किलो परत मागतच होतं. ही मागणी जिथून उठते तो हायपोथॅलॅमस मेंदूच्या तळाशी, खोल आहे. चालना मिळते ती कपाळाआडच्या वरच्या थराला, निर्णय आणि आवर यांच्या जागेला. शिवाय न्यूयॉर्कच्या ग्योर्गी बुझाकी यांच्या चमूने मृतदेहांवर मोजून दाखवलं, की पट्ट्यातल्या प्रवाहाचा बहुतांश भाग त्वचेत आणि कवटीतच जिरतो; आत पोचतो तो उरलासुरला.

इथे एक गोष्ट मला सर्वांत विचार करायला लावते. कपाळाच्या डाव्या बाजूची जी जागा तलफेसाठी चालवतात, तीच नैराश्यासाठी चालवतात. आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये अ‍ॅनोरेक्झियाच्या रुग्णांवर, म्हणजे अन्नाला शिवायलाही तयार नसलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या मुलींवर, हाच उपचार याच जागी करून पाहिला गेला. एकीने खावं म्हणून आणि दुसरीने खाऊ नये म्हणून बटण एकच. संशोधकांपाशी याचं उत्तर आहे आणि ते हास्यास्पद नाही: त्या जागेचा संबंध अन्नाशी नसून स्वतःवरच्या ताब्याशी आहे, आणि ताबा सुटण्याच्या दोन्ही टोकांना तीच जागा उपयोगी पडू शकेल. असेलही. पण मग ‘गोडाची तलफ विसराल’ हे आश्वासन कुठल्या तोंडाने देता? फार तर इतकं म्हणा, की तुमच्या मेंदूच्या एका सर्वसाधारण कामाच्या जागेला आम्ही ढोसून पाहतो, त्यातून काय काय बदलेल ते आपण दोघे मिळून पाहू. असलं वाक्य छापून पॅकेजं विकली जात नाहीत, हे मलाही कळतं. 2016 साली या क्षेत्रातल्याच शास्त्रज्ञांनी घरगुती पट्टे वापरणाऱ्यांना जाहीर पत्र लिहून सावध केलं होतं, की परिणाम स्पंजाखालच्या जागेपुरता राहत नाही आणि एक क्षमता सुधारताना दुसरी बिघडू शकते. लिहिणारे विरोधक नव्हते, हे यंत्र हाताळण्यात हयात घालवणारे होते.

‘पण सुरक्षित आहे ना, मग करून पाहायला काय जातं?’ हा प्रश्न प्रत्येक वादात शेवटी येतोच. वजनाच्या इतिहासात हा प्रश्न आधीही विचारला गेला आहे. 1933 मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी डायनायट्रोफिनॉल नावाचं रसायन वजन उतरवतं असं दाखवलं आणि ते अमेरिकेत धडाधड खपलं. वजन खरंच उतरायचं. पण अंगातला ताप चढत जाऊन माणसं दगावली आणि अनेकांना मोतीबिंदू झाले. 1938 साली ते माणसांसाठी वापरणं बंद झालं. त्याहून जवळचा धडा रिमोनाबँटचा. हे औषध नेमकं मेंदूतल्या तलफेवरच काम करायचं. गांजाने मेंदूतला जो संदेश पकडणारा रेणू खवळून खाखा सुटते, त्यालाच ते कुलूप घालायचं. 2006 मध्ये युरोपात मान्यता मिळाली, चाचण्यांत वजन उतरलेलं होतं, कल्पना सुबक होती. मग नैराश्याच्या आणि आत्महत्येच्या विचारांच्या नोंदी येऊ लागल्या. अमेरिकेने मान्यता दिलीच नाही, युरोपने 2008 साली विक्री थांबवली, पाठोपाठ भारतानेही बंदी घातली. खाण्याची ओढ दाबताना जगण्याची ओढही दबली. मेंदूत या दोन ओढींच्या वेगळ्या खोल्या नाहीत. दोन मिलिअँपिअरने असं होईल, असं मी म्हणत नाही. इतका क्षीण प्रवाह बहुधा काहीच करत नसेल. पण तो काही करत असेल तर रिमोनाबँटचा प्रश्न त्याला विचारलाच पाहिजे, आणि काही करत नसेल तर पैसे कशाचे? विक्रेत्याला या दोन शिंगांमधून निसटता यायचं नाही.

आणि ‘काय जातं’ याचं रोकडं उत्तर ज्याचं जातं त्यालाच विचारावं. या पट्ट्याचं खरं गिऱ्हाईक कोण, ते पत्रकातल्या फोटोवरूनच दिसतं. गुडघे गेलेला, मधुमेह जडलेला, झोपेत श्वास अडकणारा एकशेवीस किलोचा माणूस तिथे नाही. तिथे आहे साखरपुड्याआधी चार किलो उतरवू पाहणारी बारीक मुलगी. तिच्या खाण्याला आधीच घरादाराची नजर लागलेली. ‘अजून एक पोळी?’ हा प्रश्न तिने दहावीपासून ऐकलेला. तिला मेंदूचं यंत्र लावून सांगायचं, की तुझी भूक हा बिघाड आहे! अशी मुलगी पुढे अ‍ॅनोरेक्झियाच्या दाराशी गेली तर जबाबदारी कुणाची? दुसरीकडे, ज्याला खरी गरज आहे तो पट्ट्यावर सहा महिने घालवतो आणि तेवढ्यात त्याची साखर वाढलेली असते. रात्री टीव्हीवर विकले जाणारे सौना बेल्ट आठवतात? घाम यायचा, काट्यावर अर्धा किलो कमी दिसायचा, पाणी प्यायलं की परत. तो पट्टा पोटावर होता. त्याने निदान डोक्याला हात लावला नव्हता.

कायदा नाही असंही नाही. 1954 च्या औषधे आणि जादूई उपाय कायद्याच्या परिशिष्टात ज्या आजारांवर उपचाराची जाहिरात करायला मनाई आहे, त्यांत लठ्ठपणा आहे. आणि त्या कायद्यातली औषधाची व्याख्या इतकी रुंद आहे, की शरीराच्या कार्यावर परिणाम करण्यासाठी असलेली, अन्न सोडून कुठलीही वस्तू तिच्यात बसते. 2020 पासून तर सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. तरी पत्रकं येतातच. गंडेदोरे विकणाऱ्या बाबाला पकडायला आपण उत्सुक असतो, पण इंग्रजी आद्याक्षरं आणि मेंदूचं रंगीत चित्र असलं की हात आखडतो. त्या रंगीत चित्राचा दरारा ताइतापेक्षा कमी नाही.

आणखी एक तिसरा पक्ष आहे, आणि माझा ओढा थोडा त्याच्याकडे आहे, म्हणून त्यालाही तपासायला हवं. हे लोक म्हणतात, मेंदू सोडा, भोवताल बघा. संध्याकाळी साडेसातला ठाणे स्टेशनला पश्चिमेला उतरा. सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उन्नत मार्गाच्या, खाली येईपर्यंत कढईतून निघणाऱ्या वड्यांचा वास, लसणाच्या चटणीची रास, पलीकडे शेवपुरी, त्यापलीकडे गोड सोड्याचा फेस. रिक्षाच्या रांगेत उभी असलेली माणसं दुपारी एकला डबा खाऊन निघालेली, आणि घरी पोचून कुकर लावेपर्यंत नऊ वाजणार. अशा वेळी वडापाव घेणाऱ्याच्या मेंदूत नेमका कोणता बिघाड असतो? मला तर तो मेंदू उत्तम चालला आहे असंच वाटतं. आणि हा निदान गरम, ताजा, डोळ्यांसमोर तळलेला वडा. खरी पंचाईत पाकिटांची आहे. 2019 साली अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी वीस जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. ताटातली साखर, चरबी, मीठ, चोथा जुळवून ठेवलेलं, हवं तेवढं खा म्हणून सांगितलेलं. पाकिटाच्या दोन आठवड्यांत तीच माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि सरासरी 900 ग्रॅम वजन वाढलं. माणूस तोच, मेंदू तोच, ताट बदललं. दोन मिलिअँपिअरने एवढा फरक कुणी दाखवलेला नाही.

म्हणून या पक्षाचं बरंचसं मला पटतं. चिलीने 2016 पासून पाकिटांवर काळी अष्टकोनी चिन्हं छापायला लावली, मुलांना भुलवणाऱ्या जाहिराती रोखल्या, आणि गोड पेयांची खरेदी जवळपास 24 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. आपल्याकडे 2022 मध्ये पाकिटांवर तारे छापायचा मसुदा निघाला आणि खल चालूच राहिला. 2025 च्या जुलैमध्ये केंद्राने कचेऱ्यांत तेल-साखरेचे फलक लावा म्हटलं तर ‘समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा येणार’ अशी आवई उठली आणि सरकारला खुलासा करावा लागला. मूळ सूचना त्या गोंधळात वाहून गेली. पण हे लोकही शेवटी घसरतात. भोवताल बदलला की सगळं ठीक होईल म्हणून व्यक्तीवरचा प्रत्येक उपचार म्हणजे कंपन्यांचा डाव, असं ते म्हणू लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2019-21 साली शहरी बायकांत दर तिघींत एकीचं वजन प्रमाणाबाहेर निघालं. यातल्या ज्या बाईचे गुडघे आज दुखताहेत, तिने पाकिटावरचा अष्टकोन येईपर्यंत थांबायचं का? अस्वच्छ पाण्याविरुद्ध लढताना कॉलराच्या रुग्णाला सलाइन नाकारत नाहीत. मेंदूवरच्या उपचाराला संशोधनात जागा आहे. विशेषतः अनावर होऊन, बंद दाराआड, पोट फुटेस्तोवर खाणाऱ्या आणि मग अपराधाने पोळणाऱ्या रुग्णांसाठी, जिथे ताबा सुटणं हाच मूळ आजार आहे, ती जागा मोलाची ठरू शकते. त्यासाठी मोठ्या, लांब मुदतीच्या, दुखऱ्या लटक्या उपचाराशी तुलना करणाऱ्या चाचण्या हव्यात, आणि भारतीय ताटावर हव्यात. पिझ्झाच्या फोटोंकडे पाहून दिलेल्या गुणांवरून पुरणपोळीबद्दल फारसं कळत नाही.

तोवर पत्रक हातात असलेल्याने काय करावं? चाचणी करतो आहोत असं कुणी सांगितलं, तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला, म्हणजे सीटीआरआयचा, नोंदणी क्रमांक मागावा. 2009 पासून नियामकाने चाचण्यांना ही नोंदणी सक्तीची केली आहे आणि यादी कुणालाही फोनवर उघडून पाहता येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, संशोधनासाठी जे करायचं त्याचा खर्च सहभागी होणाऱ्यावर टाकायचा नसतो, तेव्हा पॅकेजचा दर सांगितला तर तिथेच उठावं. चाचणी नाही, सिद्ध उपचार आहे असं म्हणाले, तर ते उपकरण भारतात नेमकं कोणत्या आजारासाठी परवानाधारक आहे ते लेखी मागावं. नैराश्यासाठीचा कागद दाखवून वजनाचे पैसे घेता येत नाहीत. दोन्ही नाही जमलं, तर पत्रकाचा फोटो काढून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवावा. 1954 चा कायदा जुना आहे, पण तक्रार गेल्याशिवाय तो जागचा हलत नाही.